खुंटीवरचा फुगा

"...आन् त्या मशिनीतली घंटी वाजली ना, की मग आतलं माणूस..."

एवढंच कानावर आलं. पंचशीलाची घागर रांगेत पुढं सरकली आणि बोलणाऱ्या दोघी एकदम गप्प झाल्या. एकीनं पदर सावरला. दुसरी टँकरच्या पाईपकडं टक लावून बघत बसली.

"आतलं माणूस काय, मावशी?" पंचशीलानं विचारलं.

"काय न्हाई बाई. आमचं आपलं दुसरंच चालू होतं. तुमचा नंबर आला बगा."

लातूरला त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नवव्या-दहाव्या दिवशी टँकर यायचा. रेल्वेनं पाणी येणार म्हणून बोलबाला होता, टाक्यांपाशी पोलीस बसवले होते, आणि बायका भांडी घासायच्या ऐवजी राखेनं पुसून ठेवत होत्या. अशा दिवसांत रांगेत गप्पांना काय तोटा! पण दवाखान्यातली बाई जवळ आली की गप्पा थांबाव्यात, हे काही बरं लक्षण नव्हे.

पंचशीला सोनकांबळे म्हणजे मोठ्या दवाखान्यातली एमआरआयवाली. माहेर कंधारकडचं. नवरा हिमायतनगरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. चाळिशीला टेकलेली, अंगानं बारीक, बोलायला गोड. पण त्या दिवसांत चालताना पाय ओढायची. दुसरा टेक्निशियन नोकरी सोडून पुण्याला गेला होता, तेव्हापासून दोन्ही पाळ्या हिच्याच गळ्यात.

घागर घेऊन जिना चढताना समोरच्या सुमनबाई दारातच उभ्या. शेजारणीच्या घरात कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या यावरून डाळ कुठली ते सांगणारी बाई ती.

"तोंड का उतरलंय गं?"

पंचशीलानं अर्धं ऐकलेलं सांगितलं.

"थांब, मी काढते पुढचं," सुमनबाई म्हणाल्या. "अर्धी बातमी पोटात ठेवून मला झोप यायची न्हाई."

पंचशीला हसली. पण जिन्याच्या वळणावर तिनं घागर खाली ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. कारण दवाखान्यातली ती घंटी वाजत होती. खरंच वाजत होती. तीन दिवस झाले होते, आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आता ती घंटी कसली, ते सांगायला हवं.

एमआरआयची खोली तळघरात. खिडकी नाही. वर भर दुपारचं ऊन असो की मध्यरात्र, तिथं पांढरा उजेड तोच आणि गारवा तोच. मधोमध ते मशीन, मोठ्या रांजणाला आडवं करून ठेवावं तसं. त्याच्या तोंडातून एक सरकतं टेबल बाहेर येतं, माणसाला निजवून आत नेतं. फोटो चालू असला की धडधड, खडखड असा आवाज, की छातीचा पिंजरा हलावा. आणि फोटो बंद असला तरी मशीनच्या पोटातला पंप बोलतच राहतो... चिव... चिव... चिव... दिवसरात्र. नवीन माणूस त्या आवाजानं बेजार होतो. पंचशीलाला तो बंद झाला असता तरच भीती वाटली असती.

आत जाणाऱ्याच्या हातात एक रबरी फुगा देतात. रक्तदाब मोजायच्या यंत्राला असतो, तसाच. जीव घाबरला, काही झालं, तर फुगा दाबायचा. बाहेर काचेपलीकडं घंटी वाजते आणि कुणी बटण दाबून बंद करेपर्यंत वाजतच राहते. आत कुणी नसलं की तो फुगा भिंतीवरच्या खुंटीला लटकवलेला.

तीन दिवस झाले, दुपारी तीनच्या सुमाराला, टेबल रिकामं, दार लावलेलं, फुगा खुंटीला, आणि घंटी वाजायची.

पहिल्या दिवशी ती आत गेली. कुणी नाही. दुसऱ्या दिवशी वॉर्डबॉय ग्यानोबामामाला घेऊन गेली. मामा रिटायरला आलेले, गळ्यात माळ, तोंडात कायम सुपारी.

"मॅडम, उन्हानं रबर तडकलं असंल. हवा निसटली की वाजतंय."

"तळघरात कुठलं ऊन, मामा?"

मामांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. "मग मला काय विचारून राहिलात?"

तिनं हैदराबादच्या इंजिनिअरला फोन लावला. तोही तेच म्हणाला. नळी चिरली असेल, पुढच्या महिन्यात आलो की बदलतो, तोवर वाजली तर बटण दाबा आणि सोडून द्या.

सोडून द्या! हेच तर तिला जमत नव्हतं. कारण तिनं एकदा सोडून दिलं होतं.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. त्या दिवशीचा सतरावा की अठरावा पेशंट. सिंधु नावाची निलंग्याकडची बाई, तिशीची, कंबरदुखीनं आलेली. बंद जागेला फार भ्यायची. घाबऱ्या माणसाला एमआरआयवाले पायाकडून आत घालतात, म्हणजे तोंड मशीनच्या दाराशी राहतं, जरा उजेड दिसतो. पंचशीलानं तिला तसंच घातलं, डोकं टेबलाच्या पायथ्याला. तरी सिंधुनं पाच वेळा फुगा दाबला. पाचही वेळा पंचशीला आत गेली, समजूत काढली. सहाव्यांदा घंटी वाजली तेव्हा शेवटचा फोटो चालू होता. पंचशीलाचे पाय सुजले होते, सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. तिनं बटण दाबून घंटी बंद केली, माईकवर म्हणाली, "झालं बाई, झालं, पडून राहा," आणि खुर्चीतून उठली नाही. चार मिनिटं.

टेबल बाहेर आलं तेव्हा सिंधु जिवंत होती, अंगाखालची चादर घामानं चिंब. डोळे उघडे होते. नुसती पंचशीलाकडं बघत राहिली. संध्याकाळी वॉर्डात तिनं प्राण सोडला. काळीज आधीपासूनच कमजोर होतं, असं मोठ्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. फोटो काढताना ती गेली नाही, फोटोनं गेली नाही, कुणी बोट दाखवलं नाही. पण बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांनी ती घंटी ऐकली होती, आणि ती मध्येच कशी तुटली, तेही.

तेव्हापासून पंचशीलानं स्वतःशी एक ठरवलं होतं. आत माणूस असताना घंटी वाजली की उठायचं. फोटो बिघडला तर बिघडला. ती आयुष्यभर बुद्धवंदना म्हणत आलेली, भुताखेताची टवाळी करणाऱ्या घरातली लेक. भुताच्या भयानं नव्हे, तर माणूस म्हणून तिनं ते ठरवलं होतं.

तर त्या दिवशी, रांगेतलं ते अर्धं बोलणं ऐकलं त्याच दिवशी, दुपारी दोनला धुरपताबाई आल्या.

देवणीच्या पुढच्या खेड्यातल्या. साठी उलटलेली, ठेंगणी, कपाळावर हिरवं गोंदण. मानेचा मणका सरकून आतली शीर दाबली गेली होती. दोन्ही हात खांद्यापासून बधिर, बोटांत चमचा धरायचं बळ नाही, आता पायही लटपटायला लागलेले. सोबत लेक रामकिशन, एका हातात फायली आणि दुसऱ्या हातात पाण्याचा वीस लिटरचा कॅन. त्या साली खेड्यातून येणारे लोक पेशंटबरोबर पाणीही घेऊन यायचे.

"लई उशीर केलात," पंचशीला म्हणाली.

"काय करता मॅडम, वाटंत रास्ता रोको. उदगीर जिल्हा करा म्हणून टायरं पेटवून बसलेत. मी म्हणलं बाबांनो, जिल्हा करा, न्हाईतर राजधानी करा, पर माझ्या मायला जाऊ द्या."

"जिल्हा झाला म्हंजी असली मशीन बी येईल तुमच्या तिकडं," ग्यानोबामामा म्हणाले.

"आधी पाणी येईल का इचारा, मामा."

हसण्यासारखं होतं, पण रामकिशनचे डोळे हसत नव्हते. सोलापूरचा मणक्याचा डॉक्टर आज संध्याकाळीच यायचा होता. तो महिन्यातून एकदा यायचा. त्याच्यापुढं फोटो ठेवला तर आज ऑपरेशन. नाहीतर एक महिना, आणि एका महिन्यात म्हातारीचे हातपाय कायमचे जाणार, हे फाईलवर लाल शाईनं लिहिलेलं होतं.

आणि वर पाणी संपत आलं होतं.

मशीन गार ठेवायला गच्चीवर पाण्याची टाकी असते. ऊन असं, की टाकीतलं पाणी डोळ्यादेखत उडून जायचं. पाणी संपलं की मशीन आपोआप फोटो थांबवतं. मामा गच्चीवर जाऊन बघून आले आणि म्हणाले, "अर्धा तास, मॅडम. लई तर चाळीस मिनिटं. टँकरवाला फोन उचलून न्हाई राहिला."

फोटोला पंचवीस मिनिटं लागणार होती.

घाई झाली. आणि थकल्या माणसाची घाई कशी असते, ते आपल्याला ठाऊक आहे. हात सवयीनं चालतात आणि डोकं मागं राहतं. पंचशीलानं धुरपताबाईंच्या पाटल्या काढवल्या, जोडवी साबण लावून काढली, डोरलं रामकिशनच्या हातात दिलं. दवाखान्याचा झगा घातला. पण चोळी काढायला म्हातारी तयार होईना.

"माय, चोळीला हूक न्हाई, बटन न्हाई. गाठीची हाय बघ. राहू दे गं."

पंचशीलानं बघितलं. खरंच, पुढं गाठ मारायची जुनी खणाची चोळी. राहू दिली.

"अंगावर आणखी काही धातूचं? कुठं लपवलेलं? खरं सांगा आजी."

"न्हाई माय." म्हातारीनं डोळे मिटून सांगितलं.

तिला टेबलावर निजवलं. कानांत कापूस, डोक्या-मानेवर फोटो टिपणारा प्लास्टिकचा पिंजरा. बधिर हात कडेला पट्ट्यानं आवळले. टेबल सरकत डोक्याकडून आत गेलं. पंचशीला बाहेर येऊन काचेपलीकडं बसली. मामा शेजारी स्टुलावर. दारापलीकडं रामकिशन.

धडधड चालू झाली.

पहिला फोटो झाला. दुसरा झाला. पडद्यावर मानेचे मणके करडे, स्वच्छ दिसायला लागले, आणि तो एक मणका आत घुसलेला, कुणी दार ढकलून यावं तसा. तिसरा चालू झाला, सगळ्यात महत्त्वाचा. सहा मिनिटांचा. मशीनच्या पडद्यावर पाण्याच्या उष्णतेचा आकडा चढू लागला.

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

घंटी वाजली.

मामांची सुपारी गालातच थांबली. पंचशीलानं माईकचं बटण दाबलं. "आजी... काही होतंय का?"

"न्हाई माय," आतून म्हातारीचा शांत आवाज आला, त्या धडधडीतून पाण्याखालून यावा तसा. "बरी हाय मी."

"तुम्ही फुगा दाबला का?"

"कसला फुगा...?"

घंटी वाजतच होती.

"मॅडम, तीच हाय ती," मामा हळू म्हणाले. "रोजची. तीनची. बंद करा बटन. आता थांबवलं तर हा फोटो पुन्हा पहिल्यापासून काढावा लागंल, आन् पाणी न्हाई. म्हातारी स्वतः म्हणून राहिली, बरी हाय."

सगळं बरोबर होतं. इंजिनिअरनं सांगितलेलं बरोबर, मामांचं बरोबर, म्हातारीचं बरोबर. फक्त चार मिनिटं राहिली होती. पंचशीलाचं बोट बटणावर गेलं. ते बोट तिला दुसऱ्याच कुणाचं वाटलं. चार मिनिटं, एका म्हातारीचे दोन हात, दोन पाय... आणि घंटी एका सुरात, न थकता...

तिनं घंटीचं बटण दाबलं नाही. तिनं फोटो थांबवला.

"अवो मॅडम!" मामा ओरडले.

ती आत धावली. दार उघडताच पहिल्यांदा वास आला. बारीक, तिखट. खण जळाल्याचा, आणि त्याच्याखाली आणखी कशाचा तरी. तिनं टेबल ओढून बाहेर काढलं. म्हातारी छताकडं बघत शांत पडली होती. डाव्या दंडावर, काखेजवळ, चोळीची बाही काळी पडून धुपत होती.

बाही फाडली तर आत तांब्याच्या तारेचे तीन वेढे, घट्ट, आणि त्यात ओवलेला ताईत. तार मशीनमध्ये तापून मांसात रुतली होती. बिब्ब्याएवढे दोन फोड, कडेला काळे. आणखी चार मिनिटं राहिली असती, तर चोळीनं पेट घेतला असता, आणि बाजूला कापूस, झगा, चादर.

"आजी! हे काय?"

"एकवीस दिस कुणाला सांगू नको म्हणला होता देणारा," म्हातारी ओशाळून म्हणाली. "हाताला गुण येईल म्हणला... का गं? काय झालं?"

तिला काहीच कळलं नव्हतं. दंड बधिर. जळत होतं तरी तिला माहीत नव्हतं.

"मग फुगा कसा दाबलात...?" म्हणत पंचशीलानं तिचा हात बघितला. हात पट्ट्यात, रिकामा. बोटं मिटत नव्हती. टेबलावर फुगा नव्हता. खाली पडलेला नव्हता.

ती वळली. फुगा भिंतीवर, खुंटीला होता.

घाईत तिनं तो म्हातारीला दिलाच नव्हता.

बाहेर घंटी अजून वाजत होती. पंचशीला बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो फुगा, दाबून धरलेला, चपटा, हळूहळू सुटत गेला... एकेक बोट उचलावं तसा... आणि गोल झाला.

मशीनचा पंप बोलला. चिव... चिव...

ती किंचाळली नाही. किंचाळायलाही अंगात बळ लागतं. तिनं तार कापली, मलम लावलं, डॉक्टरांना वर फोन करून विचारलं. ते म्हणाले, म्हातारी धड असेल तर फोटो पुरा करा. मामा गच्चीवरून धापा टाकत आले. "तळाला गेलं, मॅडम. संपलं."

तेव्हा रामकिशननं तो वीस लिटरचा कॅन खांद्यावर घेतला आणि जिना चढायला लागला. बाकांवर उदगीरचं एक बिऱ्हाड होतं, औशाचं एक होतं. त्यांनी एकमेकांकडं बघितलं, आणि आपापले कॅन उचलले.

फोटो पुरा झाला. या वेळी फुगा म्हातारीच्या तळव्यात ठेवून पंचशीला स्वतः कानांत कापूस घालून आत, तिच्या पायापाशी उभी राहिली. घंटी वाजली नाही.

रात्री आठला ऑपरेशन झालं. टाकी मात्र पुन्हा कोरडी पडली. दुसऱ्या दिवसापासून एमआरआय बंद, दाराला कुलूप.

आठव्या दिवशी सकाळी पंचशीला वॉर्डात भेटायला गेली. धुरपताबाई टेकून बसल्या होत्या. उजव्या हाताची बोटं हळूहळू मिटत होती, उघडत होती. रामकिशन दुधात भाकरी कुस्करत होता.

"ये माय," म्हातारी म्हणाली. तिनं डोळ्यांनी खुणावून तिला जवळ घेतलं आणि लेकाला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू पुढं बोलली. "एक इचारू का? मला काढलंस तू. लई पुण्य लागंल तुला. पर माझ्या पायापाशी ती होती ना निजलेली... तिला का न्हाई काढलं?"

पंचशीलानं विचारलं, "कोण, आजी?"

"तिचं डोकं माझ्या पायाकडं होतं. मशिनीच्या दाराकडं. मला तोंड न्हाई दिसलं. पर बोलली चांगली. म्हणली, भिऊ नका मावशी... त्या आता उठतात. पहिलं उठत न्हवत्या."

पंचशीला खाली आली. तळघराचं कुलूप काढलं. कशाला, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. स्वतःला तिनं सांगितलं, की टेबलावरची चादर धुवायला न्यायची राहिलीय.

त्याच संध्याकाळी सुमनबाई मोठ्या उत्साहात जिना चढून घरच्या गच्चीवर आल्या. सूर्य बुडत होता, पण फरशी अजून चटके देत होती. पंचशीला कठड्याला टेकून बसली होती.

"काढलं बाई! ते तुझं अर्धं काढलं. म्हणतात, त्या मशिनीतली घंटी कुणी न दाबता वाजते. आन् वाजली ना, की आतलं माणूस दिवस मावळायच्या आत जातं." त्यांनी दम खाल्ला. "खरं का गं?"

"धुरपताबाई दूधभाकरी खाऊन राहिल्यात," पंचशीला म्हणाली. "उद्या घरी जातील."

"म्हंजी खोटंच की!"

"अर्धं."

सुमनबाईंना ते समजलं नाही, आणि समजून घ्यायला त्या थांबल्याही नाहीत. त्यांचं लक्ष दोरीकडं गेलं होतं. दोरीवर एक पांढरी चादर.

"अगं, चादर धुतलीस? पाणी कुठून आणलंस? आम्हाला प्यायला न्हाई!"

"धुतली न्हाई मी. मशिनीच्या टेबलावर अशीच ओली मिळाली."

"कधी वाळत घातलीस?"

"सकाळी अकराला."

सुमनबाईंनी चादरीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. एप्रिलमधल्या लातूरच्या उन्हात ओलं धोतर घटकाभरात कडक होतं. ती चादर गार होती, आणि तिच्या एका टोकातून थेंब पडत होते. टप... टप... टप...

टंचाईच्या दिवसांतली सवय, म्हणून पंचशीलानं खाली बादली लावली होती. बादली निम्मी भरली होती.